एकखांबी तंबू आणि हॉकीचा संघ

८ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारत आणि स्पेन यांच्यात ब्राँझपदकासाठी हॉकीचा सामना चालू होता. आमच्या शेजारच्या गावी ग्रामपंचायतीच्या खोलीत टीव्ही लावला होता आणि पावसाने शेतातली कामे खोळंबली असल्यामुळे माणसेही बरीच जमली होती. भारताने २–१ ने सामना जिंकला. दोन्ही गोल कप्तान हरमनप्रीत सिंगचे. पोरांनी आरडाओरडा केला, कोणीतरी पेढे आणले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, “सर, पदक मिळालं, आनंद झाला. पण मी सगळे सामने पाहिलेत. दर वेळी हाच गडी गोल करतो. उद्या हा आजारी पडला, तर आपण काय करायचं?”

वाचकहो, प्रश्न साधा वाटतो. पण तसा तो नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. हॉकी हा काही माझा विषय नव्हे. मात्र काही वर्षे आमच्या कॉलेजच्या जिमखान्याचे काम माझ्याकडे होते, आणि या प्रश्नाने मला एकदा चांगलेच पोळले आहे. ती हकीकत पुढे सांगेन. आधी आपण हिशेब मांडू.

पॅरिसला भारताने आठ सामन्यांत एकूण १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीतचे. उरलेले पाच अभिषेक, मनदीप सिंग, विवेक सागर प्रसाद आणि सुखजीत सिंग अशा चौघांत वाटले गेले. त्यांत दोन अभिषेकचे. म्हणजे तीन गोलांपैकी दोन एका माणसाचे. आता त्याच्या आधीचे टोकियो ऑलिंपिक पाहा. ते २०२१ साली झाले. तेथेही भारत आठच सामने खेळला, तेथेही उपांत्य सामना हरला आणि तेथेही ब्राँझपदकच मिळाले; १९८० नंतरचे ते आपले पहिले हॉकीपदक. पण टोकियोला भारताने २५ गोल केले आणि ते अकरा खेळाडूंनी मिळून केले. हरमनप्रीतचे त्यांत सहा होते. शेकड्यात सांगायचे तर टोकियोला त्याचा वाटा २४ होता, तो पॅरिसला ६७ झाला.

एवढे आकडे ऐकले की कोणीही म्हणेल, आजोबांचे म्हणणे खरे. हा एकखांबी तंबू आहे. पण थांबा. हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. टोकियोला भारताने २५ गोल केले खरे, पण २३ खाल्लेही. पॅरिसला १५ केले आणि १२ च खाल्ले. म्हणजे पॅरिसचा संघ कमी गोल करीत होता, तसा कमी गोल देतही होता. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश आणि बचावाची फळी यांनी दार घट्ट धरले होते, म्हणून एकाचे दोन गोल सामना जिंकायला पुरत होते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. गोल अडवणाऱ्याचे लागत नाही. नुसत्या फलकावरून संघ कोणावर अवलंबून आहे ते ठरवायला गेलो, तर आपला हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हरमनप्रीत हा आघाडीचा खेळाडू नाही. तो बचावपटू आहे. मग बचावपटू एवढे गोल कसे करतो? याचे उत्तर पेनल्टी कॉर्नर या प्रकारात आहे. ज्यांनी हॉकी फारशी पाहिली नाही त्यांच्यासाठी तो थोडा उलगडून सांगतो.

गोलासमोर अर्धगोलासारखी एक रेषा आखलेली असते. तिला सगळे ‘डी’ म्हणतात. या डीच्या आत बचाव करणाऱ्याने नियम मोडला, उदाहरणार्थ चेंडू त्याच्या पायाला लागला, तर दुसऱ्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात; बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावे लागते. हल्ला करणाऱ्यांपैकी एक जण गोलाच्या खांबापासून निदान १० मीटर अंतरावरून, मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलतो. डीच्या बाहेर उभा असलेला दुसरा तो थांबवतो. मग तिसरा तो गोलाकडे मारतो. पहिलाच फटका जोराचा मारलेला असेल, तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे दीड फुटाच्या वर असता कामा नये. पण चेंडू काठीवर घेऊन, ओढत आणून झटक्याने फेकला, तर ही मर्यादा लागत नाही. या फेकीलाच ड्रॅग-फ्लिक म्हणतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटलेला चेंडू गोलाच्या कोणत्याही कोपऱ्यात जाऊ शकतो. हरमनप्रीत अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. लहानपणी तो शेतात ट्रॅक्टर चालवीत असे. त्याच्या मनगटातली ती ताकद साऱ्या जगाला ठाऊक आहे. पॅरिसमधले त्याचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोक यांवरच झाले.

आता पाहा, एका ड्रॅग-फ्लिकच्या गोलात किती माणसे आली. कोणीतरी धावत डीमध्ये शिरला आणि त्याने कॉर्नर मिळवला. दुसऱ्याने चेंडू अचूक आत ढकलला. तिसऱ्याने तो जागच्या जागी थांबवला. तो वीतभर जरी उसळला तरी सारे फुकट. मग चौथ्याने फेकला. गोल मात्र चौथ्याच्या नावावर जमा. बाजारात धान्याच्या पोत्यावर ज्याचे नाव असते, त्यानेच नांगरले, पेरले आणि राखले असे आपण म्हणतो काय?

तेव्हा ‘हाच गडी गोल करतो’ या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, जे काम ज्याला उत्तम येते ते त्याच्याकडे देणे. दुसरी, त्याच्यावाचून आपले काहीच चालू नये अशी स्थिती येणे. पहिले शहाणपण आहे, दुसरे संकट आहे. ज्या शेतकऱ्याच्या काळ्या जमिनीत कापूस चांगला येतो, त्याने समानतेसाठी सगळी पिके सारखी लावावीत असे कोणी म्हणणार नाही. पण सारे शिवार कापसाचे केले, घरात दाणा ठेवला नाही, आणि त्या वर्षी बोंडअळी आली, तर? पेनल्टी कॉर्नरवर उत्तम फ्लिक करणारा असताना दुसऱ्याला मारायला लावणे हा उदारपणा नव्हे, तो निव्वळ वेडेपणा होय. मात्र दुसरा कोणी तयारच नसणे हीदेखील तेवढीच मोठी चूक आहे.

आपला जुना इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने पहिले सुवर्णपदक मिळवले, तेव्हा २९ गोलांपैकी १४ ध्यानचंदांचे होते. १९३२ साली लॉस एंजल्सला भारताने दोन सामन्यांत ३५ गोल केले आणि त्यांतले २५ ध्यानचंद व त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग या दोघांचे होते. १९५२ साली हेलसिंकीला १३ पैकी ९ गोल बलबीर सिंग यांचे. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या सहांपैकी पाच एकट्या त्यांचे. शेकडा वाटा काढला तर तो पॅरिसच्या हरमनप्रीतएवढाच किंवा थोडा जास्तच भरतो. आणि तिन्ही वेळा सुवर्णपदक मिळाले! म्हणजे गोलांचा मोठा वाटा एकाकडे असणे हा आपोआप दोष ठरत नाही.

मग खरी परीक्षा कोणती? माझ्या मते ती एकच आहे. तो माणूस नसताना, किंवा त्याला जखडून टाकल्यावर, बाकीचे कसे खेळतात?

बलबीर सिंगांचीच पुढची गोष्ट घ्या. १९५६ साली मेलबर्नला ते कप्तान होते. अफगाणिस्तानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात भारत १४–० ने जिंकला. पाच गोल बलबीरांचे. पण त्याच सामन्यात त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला दुखापत झाली आणि पुढचे साखळी सामने त्यांना खेळता आले नाहीत. संघ कोलमडला काय? मुळीच नाही. अमेरिकेवर १६–० आणि सिंगापूरवर ६–० असे विजय मिळाले. उपांत्य आणि अंतिम सामन्यात बलबीर दुखरे बोट घेऊन उतरले. दुखापतीची गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही असे संघाने ठरवले होते. कारण प्रतिपक्ष त्यांच्या नुसत्या नावाच्या धास्तीने दोन माणसे त्यांच्याभोवती ठेवणार आणि दुसऱ्यांना मोकळीक मिळणार! पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना भारताने १–० ने जिंकला आणि तो एकमेव गोल केला रणधीर सिंग जेंटल या बचावपटूने, पेनल्टी कॉर्नरवर. साऱ्या स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. मोठा गोलंदाज, म्हणजे गोल करणारा, या अर्थी म्हणतो, असा दुहेरी कामाचा असतो. तो गोल करतो तेव्हा उपयोगी, आणि नुसता उभा राहून दोघांना अडकवून ठेवतो तेव्हाही उपयोगी. अट एकच: मोकळ्या सुटलेल्या माणसाला गोल करता आला पाहिजे.

आपल्या खडकीचे धनराज पिल्ले हे दुसरे उदाहरण. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत आघाडी त्यांच्या जोरावर चालली. पण दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटून पेनल्टी स्ट्रोकवर गेला, तेव्हा सुवर्णपदक हाती आले ते गोलरक्षक आशिष बल्लाळ यांच्या बचावामुळे.

उलट बाजूही पाहू. २०२३ च्या जानेवारीत विश्वचषक आपल्याच ओडिशात, भुवनेश्वर व राउरकेला येथे झाला. बाद होईपर्यंतच्या चार सामन्यांत भारताचे गोल नऊ झाले आणि त्यांत हरमनप्रीतचा एकच होता. त्याची फ्लिक चालेना. त्यातच इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मधल्या फळीतला हार्दिक सिंग जायबंदी होऊन स्पर्धेबाहेर गेला. न्यूझीलंडविरुद्ध ३–१ अशी आघाडी घेऊनही ३–३ बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये भारत हरला. उपान्त्यपूर्व फेरीदेखील गाठता आली नाही. येथे नुकसान गोल करणाऱ्याची फ्लिक थंडावल्याने जेवढे झाले, तेवढेच चेंडू पुरवणारा गेल्यानेही झाले, असे माझे मत आहे.

पॅरिसमध्ये तर एकाच आठवड्यात दोन्ही धडे मिळाले. ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. ६० मिनिटांच्या सामन्यातली उरलेली ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. १–१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउट ४–२ ने जिंकले. शूटआउटचे ते चार गोल हरमनप्रीत, सुखजीत, ललित उपाध्याय आणि राजकुमार पाल अशा चौघांचे होते. असा संघ एका माणसाच्या खांद्यावर आहे असे कसे म्हणावे? पण दोन दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदासवर बंदी होती. कॉर्नरवर सर्वांत आधी धावत जाऊन फटका अडवणारा तो, आणि हरमनप्रीतनंतरचा दुसरा फ्लिकर म्हणूनही तोच. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला आणि सामना २–३ असा गेला. रोहिदासच्या नावावर त्या ऑलिंपिकमध्ये एकही गोल नाही. तरीही त्याची उणीव भासली. परावलंबन कुठे दडलेले आहे ते गोलांच्या यादीत दिसत नाही, ते हे असे.

आता माझी हकीकत सांगतो. आमच्या कॉलेजच्या हॉकी संघात जवळच्या खेड्यातला एक मुलगा होता. काठीत विलक्षण जोर. त्या वर्षी आम्ही आंतरकॉलेज स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, ते बहुतेक त्याच्या गोलांवर. तीन महिने सरावात प्रत्येक कॉर्नर त्यानेच मारला. दुसरा कोणी काठी उचलू लागला तर मीच ओरडायचो, “अरे, त्याला दे!” अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्याला सडकून ताप भरला. तरी तो शाल गुंडाळून मैदानाच्या कडेला बाकावर येऊन बसला.

सामना आम्ही एका गोलाने हरलो. हरण्याचे मला काही वाटले नाही. खेळ म्हटला की हारजीत आलीच. पण एक क्षण अजून डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या एका पोराकडे डीमध्ये चेंडू आला. गोलरक्षक पुढे येऊन घसरला होता. गोल समोर उघडा पडलेला. आणि आमचा पोरगा मान वळवून बाकाकडे बघतोय! तेवढ्यात चेंडू गेला. त्या मुलाला गोल मारता येत नव्हता असे नाही. गोल मारणे हे आपले काम आहे, हेच तो विसरला होता. आणि ते मीच त्याला तीन महिने शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तापातला मुलगा माझ्या दारात उभा राहिला. “सर, माझ्यामुळं गेलं. माफ करा.” मी म्हटले, “अरे, ताप येणे हा काय गुन्हा आहे?” पण माझ्या बोलण्याने त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. पुढच्या वर्षी तो खेळायला आला नाही. शेतीचे काम आहे म्हणाला. काम असेलही, पण मला वाटते, त्याच्या वयाला न पेलणारे ओझे आम्ही त्याच्यावर टाकले होते. एकखांबी तंबूत तंबू तर पडतोच. आधी खांब मोडतो, याचा विचार आपण करीत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे तुमच्या वर्गातही घडते. प्रश्न विचारला की नेहमी एकच हात वर होतो. तपासणीला साहेब आले की आपण त्याच मुलाला उठवतो. वर्गाची शोभा होते, पण बाकीची चाळीस मुले काय शिकतात? आपल्याला उत्तर द्यायचे नसते, हेच ना!

मग करावे काय? हॉकी असो, कबड्डी असो की खो-खो, मला सुचलेल्या चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, सरावात आठवड्यातून एकदा सर्वांत चांगल्या खेळाडूला मुद्दाम अर्धा तास बाहेर बसवा. शिक्षा म्हणून नव्हे. त्याला तसे समजावून सांगा आणि बाकीच्यांचे निरीक्षण करायला लावा. दुसरी, वहीत गोल करणाऱ्याचे नाव लिहिता त्याच ओळीत चेंडू देणाऱ्याचे, कॉर्नर मिळवणाऱ्याचे आणि गोल अडवणाऱ्याचेही नाव लिहा. महिन्याअखेर ती वही मुलांसमोर वाचा. तिसरी, प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसरा माणूस तयार ठेवा: दुसरा फ्लिकर, दुसरा चढाई करणारा, दुसरा गोलरक्षक. तो पहिल्याएवढा चांगला नसेना का. प्रतिपक्षाला ‘आता कोण मारणार?’ असा विचार करावा लागला तरी पुष्कळ. चौथी, सोप्या सामन्यात दुसऱ्याला संधी द्या. अवघड सामन्यात मात्र जो उत्तम आहे त्यालाच मारू द्या. तेथे वाटणी करू नका.

त्या आजोबांना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढे २०२५ साली बिहारमध्ये राजगीरला आशिया चषक झाला. २९ ऑगस्टला पहिल्या सामन्यात भारताने चीनला ४–३ असे हरवले; चारांतले तीन गोल हरमनप्रीतचे. मला वाटले, पुन्हा तेच! ७ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना झाला. भारत ४–१ ने जिंकला. दिलप्रीत सिंगचे दोन, सुखजीतचा एक आणि अमित रोहिदासचा एक. कप्तानाचा एकही नाही, आणि चषक उचलायला कप्तान हसत पुढे आला.

त्यानंतर बाजारच्या दिवशी आजोबा भेटले. मी त्यांना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्याला आता झोप बरी लागत असंल, न्हाई का?”